विद्यापीठीय सर्व्हरवरील वैयक्तिक व गट-पाने : उभारणी, देखभाल आणि ग्रामीण महाविद्यालये

सारांश

अध्यापकांची वैयक्तिक पाने आणि विभाग, संशोधनगट वा अभ्यासमंडळे यांची सामूहिक पाने संस्थेच्या सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत उच्च शिक्षणात तीन दशकांहून जुनी आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची पूर्वपीठिका, तिची तांत्रिक रचना, मराठी मजकुराचे विशेष प्रश्न आणि संलग्न ग्रामीण महाविद्यालयांना तिचा स्वीकार कसा करता येईल याचे विवेचन केले आहे. पान तयार करणे हे काम एका दिवसाचे आहे. त्याचा पत्ता स्थिर राखणे आणि ते तयार करणारी व्यक्ती गेल्यानंतरही ते चालू ठेवणे हे खरे संस्थात्मक काम होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वैयक्तिक पान, गट-पान, सर्व्हर, स्थिर पत्ता, युनिकोड, माहितीचे जतन, ग्रामीण महाविद्यालय.

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातील आष्टी किंवा तिच्यासारख्या गावांच्या परिसरात काम करणाऱ्या अध्यापकांचे बरेचसे लेखन स्थानिक स्वरूपाचे असते. लोकगीतांची संकलने, पर्जन्यमानाच्या नोंदी, पीकपद्धतीची सर्वेक्षणे, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणाऱ्या वृद्धांच्या मुलाखती असे हे साहित्य एकदा हरवले, की पुन्हा मिळवता येत नाही. मुक्तिसंग्राम १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपला. त्या काळाचे प्रत्यक्ष साक्षीदार आता मोजकेच उरले आहेत. असे साहित्य अध्यापकाच्या खासगी संगणकात किंवा कपाटातील एखाद्या सीडीवर राहिले, तर त्याचे आयुष्य त्या संगणकाइतके किंवा त्या सीडीइतकेच ठरते. संस्थेच्या सर्व्हरवरील पान हा या साहित्यास सार्वजनिक आणि दीर्घायुषी निवारा देण्याचा एक स्वस्त मार्ग आहे.

उद्दिष्टे

१) विद्यापीठीय सर्व्हरवरील पानांच्या पद्धतीचा उगम व रचना स्पष्ट करणे.
२) वैयक्तिक पान आणि गट-पान यांतील भेद सांगणे.
३) मराठी मजकूर प्रसिद्ध करताना येणाऱ्या अडचणींचे विवेचन करणे.
४) संलग्न महाविद्यालयांसाठी व्यवहार्य व्यवस्था सुचविणे.

पूर्वपीठिका

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्या काळी विद्यापीठांतील मोठे संगणक प्रामुख्याने युनिक्स प्रणालीवर चालत. प्रत्येक अध्यापकास व विद्यार्थ्यास त्यावर स्वतःचे खाते आणि स्वतःचा कप्पा मिळत असे. अमेरिकेतील एनसीएसए या केंद्राने तयार केलेल्या सर्व्हर-प्रणालीत एक सोय होती : सदस्याने आपल्या कप्प्यात 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा उपकप्पा उघडला, की त्यातील पाने जगाला दिसू लागत. संस्थेच्या पत्त्यापुढे लहरीसारखे टिल्ड हे चिन्ह आणि त्यापुढे सदस्यनाव, असा त्या पानाचा पत्ता तयार होई. १९९५ साली आलेल्या अपाची या सर्व्हर-प्रणालीने हीच सोय पुढे चालू ठेवली. सदस्याला कोणाकडे अर्ज करावा लागत नसे व वेगळा खर्चही येत नसे.

या मोकळिकीतून मोठी कामे उभी राहिली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी १९९४ साली विद्यापीठाच्याच संगणकावर संकेतस्थळांची जी सूची ठेवली, तिचे पुढे याहू झाले. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांचे शोधयंत्रही प्रारंभी स्टॅनफर्डच्याच पत्त्याखाली चालत होते. गूगल हे स्वतंत्र नाव १५ सप्टेंबर १९९७ रोजी नोंदविले गेले.

भारतात १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने शैक्षणिक संस्था एकमेकींशी जोडल्या. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी या त्यातील आरंभीच्या संस्था होत. सामान्य जनतेस विदेश संचार निगमामार्फत इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. म्हणजे आपल्याकडेही इंटरनेट आधी शैक्षणिक संस्थांत आले आणि मग घरांत पोहोचले. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात अध्यापकांची पाने टिल्ड चिन्हाच्या रीतीने विभागाच्या पत्त्याखाली दिली गेली. मात्र मराठवाड्यासारख्या प्रदेशातील संलग्न महाविद्यालयांपर्यंत ही व्यवस्था तशीच आली नाही. विद्यापीठाचा सर्व्हर विद्यापीठ परिसरातील विभागांपुरता राहिला आणि महाविद्यालयांनी खासगी कंपन्यांकडून जागा भाड्याने घेऊन संकेतस्थळे उभारली. तेथे महाविद्यालयाचे पान असते, परंतु अध्यापकाचे किंवा विभागाचे स्वतंत्र पान क्वचितच असते.

वैयक्तिक पानाची रचना

संस्थेच्या सर्व्हरवर वैयक्तिक पान उभारण्याचे टप्पे थोडे आहेत. संगणक केंद्राकडून खाते मिळाल्यावर सदस्याने आपल्या कप्प्यात सार्वजनिक उपकप्पा उघडावा, त्यात 'इंडेक्स' नावाचे मुख्य पान ठेवावे आणि योग्य परवानग्या द्याव्यात. आपल्या संगणकावरून फाइली पाठविण्यासाठी एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत वापरावी. जुन्या एफटीपी पद्धतीत पासवर्ड उघडपणे प्रवास करतो, म्हणून ती टाळावी.

परवानग्यांचा भाग नवख्या सदस्यास अवघड वाटतो, परंतु त्यामागील गणित सोपे आहे. वाचण्याच्या अधिकारास ४, लिहिण्याच्या अधिकारास २ आणि चालविण्याच्या किंवा कप्प्यात शिरण्याच्या अधिकारास १ असे अंक दिलेले आहेत. त्यांची बेरीज क्रमाने मालक, गट आणि इतर सर्व यांच्यासाठी लिहिली जाते. सार्वजनिक कप्प्यास ७५५ ही परवानगी दिली, तर मालकास सर्व अधिकार आणि इतरांस वाचण्याचा व शिरण्याचा अधिकार मिळतो. पानांच्या फाइलींना ६४४ पुरेशी असते. पान दिसत नाही म्हणून घाईने ७७७ देणे म्हणजे त्या संगणकावरील कोणालाही आपल्या कप्प्यात लिहू देणे होय. सामायिक सर्व्हरवर ही चूक सर्वांत महाग पडते.

दुसरी नेहमीची अडचण फाइलींच्या नावांची आहे. विंडोज प्रणाली रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर एकच मानते, तर लिनक्स सर्व्हर ती वेगळी मानतो. त्यामुळे घरच्या संगणकावर व्यवस्थित दिसणारे छायाचित्र सर्व्हरवर दिसत नाही. फाइलींची नावे नेहमी लहान रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता लिहिणे हा त्यावरील साधा उपाय आहे. देवनागरीत नाव दिल्यास पान चालते, पण पत्ता अवजड होतो. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व पत्त्यात प्रत्येक बाइट तीन वर्णांनी लिहिला जातो. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे आहेत, म्हणून पत्ता नक्कल करून पाठविताना तो एकटा शब्द ४५ वर्णांचा होऊ शकतो.

पानावर काय असावे याचे उत्तर वाचक कोण आहे यावर अवलंबून आहे. विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाची टिपणे व जुन्या प्रश्नपत्रिका हव्या असतात. संशोधकास लेखांची पूर्ण यादी आणि शक्य तेथे मूळ लेख हवा असतो. इन्फ्लिबनेटच्या विद्वान व आयआरआयएनएस या व्यवस्थांमध्ये अध्यापकांची माहिती व प्रकाशनांच्या नोंदी ठेवता येतात आणि त्या ठेवाव्यातच. परंतु तेथील चौकट ठरावीक असते. स्थानिक बोलीचा शब्दसंग्रह, क्षेत्रभेटीची छायाचित्रे किंवा अप्रकाशित सर्वेक्षण यांना जागा मिळते ती स्वतःच्या पानावरच.

गट-पानाचे वेगळेपण

विभागाचे किंवा संशोधनगटाचे पान हे अनेक व्यक्तींनी मिळून चालविलेले वैयक्तिक पान नव्हे. त्याची मालकी व त्याचा पत्ता दोन्ही गटाच्या नावे असावी लागतात. आयआयटी मुंबईतील भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राचे उदाहरण येथे बोलके आहे. मराठी व हिंदी शब्दजालांसारखी साधने या केंद्राच्या स्वतःच्या पत्त्याखाली दिली गेली आहेत, कोणा एका प्राध्यापकाच्या कप्प्यात नव्हे. विद्यार्थी पदवी घेऊन जातात, नवे येतात आणि साधन त्याच पत्त्यावर राहते.

तांत्रिकदृष्ट्या गट-पानासाठी सर्व्हरवर सामायिक कप्पा उघडून सदस्यांना एका गटात घातले जाते. त्या कप्प्यास २७७५ अशी परवानगी द्यावी. पुढील २ या अंकामुळे कप्प्यात तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप गटाच्या नावे होते. फाइलींना ६६४ परवानगी असली, की गटातील कोणीही सदस्य ती सुधारू शकतो. हा एक अंक राहून गेला, तर फाइल तिच्या निर्मात्याच्या मूळ गटाकडे जाते आणि तो निर्माता संस्था सोडून गेल्यावर इतरांस ती बदलता येत नाही. अनेक विभागांची पाने वर्षानुवर्षे जुन्याच अवस्थेत राहतात, त्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

मजकुरासाठी एक संपादक असावा आणि त्याच्या अनुपस्थितीत काम पाहणारा दुसरा सदस्य ठरलेला असावा. प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या सुधारणेचा दिनांक आणि जबाबदार पदाचा उल्लेख असावा. व्यक्तीचे नाव न देता पद दिल्यास बदलीनंतरही तो उल्लेख खरा राहतो.

मराठी मजकुराचे प्रश्न

२००० च्या दशकात मराठी पाने बहुधा विशिष्ट फाँटांवर अवलंबून असत. अशा फाँटात टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन वर्णांचाच असतो, फक्त त्याचे रूप देवनागरी दिसते. वाचकाकडे तो फाँट नसेल, तर निरर्थक वर्णमालिका दिसते. शोधयंत्रास त्यातील मराठी शब्द सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकांसाठीचे वाचकयंत्र तो मजकूर वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज २००० पासून ती सर्वसाधारण संगणकांवर वापरता येऊ लागली. तरीही मुद्रणालयात जुन्या फाँटांची सवय टिकली. परिणामी, अनेक महाविद्यालयीन नियतकालिकांच्या पीडीएफ प्रती डोळ्यांस वाचता येतात, पण त्यांतील परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की तो निरर्थक होतो. असा लेख प्रसिद्ध असूनही शोधणाऱ्यास अदृश्यच राहतो. फाँट-परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे व रफार तपासून, तो पुन्हा प्रसिद्ध करणे हे प्रत्येक विभागास पेलण्यासारखे काम आहे.

पानाच्या आरंभी भाषा 'मराठी' असल्याची खूण देणे हीसुद्धा लहान पण उपयुक्त गोष्ट आहे. ल आणि श या अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत. ज्या फाँटांत दोन्ही वळणांची सोय असते, तेथे या खुणेवरून योग्य रूप निवडले जाते. वाचकयंत्रासही उच्चार ठरविण्यास तिची मदत होते.

स्थलनामांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बीड जिल्ह्यातील आष्टी व वर्धा जिल्ह्यातील आष्टी ही तालुक्याची ठिकाणे आहेत. १९४२ च्या आंदोलनात चिमूरबरोबर ज्या आष्टीचे नाव घेतले जाते, ती वर्ध्याची. १८१८ साली जेथे बापू गोखले धारातीर्थी पडले, ती आष्टी आजच्या सोलापूर जिल्ह्यातील. परतूर तालुक्यातील आष्टी या सर्वांहून वेगळी आहे. त्यात बीड व जालना हे दोन्ही जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतात. म्हणून पानावर व पानाच्या शीर्षकात केवळ 'आष्टी' न लिहिता 'आष्टी, ता. परतूर, जि. जालना' असे लिहिणे आवश्यक आहे. रोमन लिपीत तर या सर्व गावांची नावे एकसारखीच दिसतात.

पत्त्याचे स्थैर्य

पानाचा पत्ता बदलला, की त्या पानाकडे येणारे सर्व दुवे एकाच वेळी तुटतात. लेखांतील संदर्भ, ग्रंथालयीन नोंदी आणि नॅकच्या मूल्यमापनासाठी सादर केलेल्या पुराव्यांचे दुवे यांत येतात. फुकट जागेवर विसंबणाऱ्यांनी जिओसिटीजचा अनुभव लक्षात ठेवावा. याहूच्या मालकीच्या या सेवेवर असंख्य व्यक्तींची व मंडळांची पाने होती. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ही सेवा बंद झाली आणि ती पाने मूळ ठिकाणाहून नाहीशी झाली. स्वयंसेवी संग्राहकांनी वाचविली तेवढीच पाने उरली.

याउलट विद्यापीठांचे पत्ते नावे बदलूनही टिकले आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, तरी त्याचा 'युनिपुणे' हा इंटरनेटवरील पत्ता कायम राहिला. औरंगाबाद शहर २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, तरी मराठवाडा विद्यापीठाच्या 'बामु' या पत्त्यास धक्का लागला नाही. संस्थेच्या पत्त्याचा हाच मोठा लाभ आहे.

संस्थेचा आधार नेहमीच पुरेसा असतो असे मात्र नाही. अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात दशकभराहून अधिक काळ काम केले. त्यांची खेळणी व पुस्तके मात्र स्वतंत्र नावाच्या संकेतस्थळावर होती, त्यामुळे आयुका सोडल्यानंतरही तो संग्रह वाचकांस त्याच पत्त्यावर मिळत राहिला. ज्या अध्यापकाचे काम एका संस्थेपुरते मर्यादित नाही, त्यास हा मार्ग योग्य ठरतो. मात्र त्यासाठी दरवर्षीचे शुल्क आणि सततचे लक्ष लागते.

जात्यावरील ओव्यांचा संग्रह तिसरा धडा देतो. हेमा राईरकर व गी पोइतव्हाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या या कामात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पोइतव्हाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तले. तरीही संग्रह संपला नाही. ओवी, गायिका व गाव यांची सुसूत्र नोंद झालेली असल्यामुळे २०१७ पासून पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहास तो नव्याने प्रसिद्ध करता आला. पानाची सजावट स्थलांतरात टिकत नाही. नीट मांडलेली माहिती मात्र दुसऱ्या घरी नांदू शकते.

संलग्न महाविद्यालयांसाठी व्यवस्था

विद्यापीठाच्या सर्व्हरवर खाते नसले, तरी वरील पद्धत लहान प्रमाणावर अंगीकारता येते. भाड्याच्या सर्व्हरवर प्रचलित असलेल्या सीपॅनेल या व्यवस्थेतही मुख्य कप्प्याचे नाव 'पब्लिक एचटीएमएल' हेच असते. त्यात प्रत्येक विभागास व इच्छुक अध्यापकास एक उपकप्पा दिला, की महाविद्यालयाच्या पत्त्याखाली विद्यापीठासारखीच रचना तयार होते. साध्या पानांस जागा फार थोडी लागते, त्यामुळे वेगळा खर्च बहुधा येत नाही. पाने हलकी ठेवल्यास मोबाइलवरून व मंद जोडणीवरून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचीही सोय होते. या व्यवस्थेसाठी पुढील बाबी निश्चित कराव्यात.

१) पत्त्याची मालकी : 'एसी डॉट इन' हे शैक्षणिक नाव अर्नेट इंडियामार्फत संस्थेच्याच नावे नोंदवावे. संकेतस्थळ तयार करणाऱ्या व्यावसायिकाच्या नावे नोंद राहिल्यास, त्याच्याशी व्यवहार संपताच पत्ताही हातचा जाण्याचा धोका असतो.

२) पासवर्डचे हस्तांतरण : संगणकाची जाण असलेले काम अनेकदा तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकांकडे येते आणि त्यांची नियुक्ती वर्षागणिक बदलते. खात्याचा तपशील प्राचार्यांच्या कार्यालयात मोहोरबंद ठेवावा आणि कार्यभार सोडताना तो बदलून नोंद करावी. ज्याने पान उभारले त्याचे श्रेय पानावर कायम ठेवावे.

३) प्रत : वर्षातून किमान दोनदा संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ग्रंथालयात जमा करावी. महत्त्वाची पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही नोंदवावीत.

४) खासगी माहिती : विद्यार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध करताना मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, जात प्रवर्ग व बँक तपशील वगळावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. कायद्याचा विचार बाजूस ठेवला, तरी एखाद्या विद्यार्थिनीचा क्रमांक शिष्यवृत्तीच्या यादीतून जगास उपलब्ध होणे ही संस्थेच्या विश्वासाची हानी आहे.

५) निवृत्तीनंतरचे पान : अध्यापक निवृत्त झाल्यावर त्याचे पान काढून न टाकता 'माजी अध्यापक' अशी नोंद करून त्याच पत्त्यावर ठेवावे. पत्ता बदलणे अटळ असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळविण्याची व्यवस्था करावी.

समारोप

विद्यापीठीय सर्व्हरवरील पानांची पद्धत तांत्रिकदृष्ट्या साधी आहे. एक कप्पा, काही फाइली आणि योग्य परवानग्या एवढ्यावर ती उभी राहते. पत्ता संस्थेच्या नावे असणे, गटाचे काम गटाच्या मालकीचे असणे, मजकूर युनिकोडमध्ये असणे आणि जबाबदारी व्यक्तीऐवजी पदाशी जोडलेली असणे या चार अटी पूर्ण झाल्या, तर लहान गावातील महाविद्यालयाचे पानही मोठ्या विद्यापीठाच्या पानाइतके विश्वसनीय ठरते. या अटींपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही. महाविद्यालय विकास समितीने त्यासंबंधीचा ठराव करून प्रत्येक विभागाकडून वर्षअखेरीस पानाच्या स्थितीचा एक पानी अहवाल घेतला, तर व्यवस्था रुळण्यास पुरेसे होईल. आरंभ मुलाखतींच्या ध्वनिफिती, वह्या व सीडी यांच्या जतनापासून व्हावा. ध्वनिफिती व सीडी दरवर्षी अधिक निकामी होत आहेत, त्यामुळे त्यांना विलंब परवडणारा नाही.